सांडशी लागणे

प्रोफेसरांनी धाकट्याचं वाटोळं केलं ते एका शब्दावरून, आणि तेही हसतखेळत. रागाच्या भरात केलं असतं तर ताईने कदाचित कधीतरी सोडूनही दिलं असतं.

धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. ट्रामच्या डेपोत वायरमन होता. रस्त्याच्या वरून जी विजेची तार जाते ती तपासायची, झिजली असेल तर बदलायची, ढिली पडली असेल तर ताणून घ्यायची, हे त्याचं काम. शिडीगाडीच्या पाळण्यात उभं राहून तो वर जायचा. वर गेलेल्या माणसाची कोणी चौकशी केली की डेपोतले लोक म्हणायचे, "तो तारेत आहे." त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

एके दिवशी सकाळी त्याने बायकोला मेसेज टाकला: 'दुपारपर्यंत तारेत आहे. फोन करू नकोस.' दुपार व्हायच्या आत पाळणा उचलून धरणारा ऑइल पाइप फुटला आणि पाळणा धाडकन खाली आला. खाली त्याचा जोडीदार वायरचं वेटोळं करत वाकला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. धाकट्याचा खांदा मोडला. पाइप जुना झाल्याचं धाकट्याने वरच्यांच्या कानावर कितीदा घातलं होतं, पण तोंडी. कंपनीला आता पाइप सोडून दुसरा कोणीतरी दोषी हवा होता. त्यांनी धाकट्याचा फोन उघडला.

चौकशीला त्यांनी प्रोफेसरांना बोलावलं. प्रोफेसर बोलीभाषेचे जाणकार. दर रविवारी सकाळी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम असायचा. लोक फोन करून एखादा शब्द विचारायचे आणि प्रोफेसर तो कुठून आला ते सांगायचे. आवाज मधाळ, सांगणं रसाळ. ताईसुद्धा कणीक मळताना हा कार्यक्रम लावायची. ती चित्रपटांची सबटायटलं लिहिणाऱ्या ऑफिसात होती. शब्दांशी तिचं रोजचं देणंघेणं.

"दारू चढली की माणूस तर्र होतो, टुन्न होतो, टाइट होतो," प्रोफेसर चौकशीच्या खोलीत म्हणाले. "हे सगळे जड शब्द. माणसाला खाली बसवणारे. अफूची पिनक येते, ती पेंगुळलेली. गांजाचं तसं नाही. गांजा ओढणारा वर जातो, हवेत जातो, त्याचं विमान सुटतं. बैठकीत चिलीम फिरली की तंबोऱ्याची तार लागावी तसा तो लागतो. म्हणून आपण म्हणतो, गडी तारेत आहे."

एवढं बोलून त्यांनी डोळे अर्धवट मिटले, हवेतला तंबोरा छेडला आणि मान डोलावली. खोलीत हशा पिकला.

डेपोचा मुकादम उठला. "साहेब, आम्ही कामालाच तारेत म्हणतो. सगळेच म्हणतात."

"हीच तर खरी गंमत आहे," प्रोफेसर म्हणाले. "कामाच्या शब्दाखाली नशेचा शब्द झाकायचा. कोण विचारणार?"

मग कोणी काहीही सांगितलं तरी ते धाकट्याच्याच अंगावर येऊ लागलं. वायरमन जितके ठासून सांगत की हा कामाचा शब्द आहे, तितकं चौकशी समितीला वाटू लागलं की सगळा डेपोच ओढतो. धाकट्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं. बिडीच्या धुरानेही त्याला खोकला यायचा, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

प्रोफेसरांच्या नकलेला सगळे हसले तेव्हा धाकटाही हसला होता. हात गळ्यात बांधलेला, समोर मोठी माणसं, ती हसताहेत म्हणून हाही कसनुसा हसला. ते हसू मागे बसलेल्या ताईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

धाकट्याची नोकरी गेली, तारेवर चढायचं लायसन्स गेलं. जोडीदाराने चौकशीतलं ऐकून त्याच्याशी बोलणं टाकलं. पाय गेलेल्या माणसाला कोणावर तरी राग हवा असतो, आणि पाइपवर रागावून समाधान होत नाही. गल्लीतली पोरं 'ओ तारेतले काका' म्हणून हाक मारायची. धाकटा ताईच्या घरी मागच्या खोलीत लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करत बसायचा. बोलणं कमी झालं होतं. त्याची बायको म्हणजे सोशिक बाई, पण तीही एकदा ताईला हळूच म्हणाली, "मी तो मेसेज पुसून टाकला असता तर?"

त्या दिवशी ताईने ठरवलं. अपील लागायला अवकाश होता. धाकट्याची केस घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या होत्या की प्रोफेसरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती पुसायची तर आधी दगड फोडावा लागेल. ताईला एवढंच ऐकायचं होतं.

घरात ती प्रोफेसरांना अरेतुरे करायची. "त्याला सगळं माहीत असतं," ती आत्यांना म्हणाली. "त्याला माहीत नाही असा शब्दच नाही. मग आपण त्याला एक शब्द देऊ या."

आत्या म्हणजे कोणाची सख्खी आत्या नव्हे. ऑफिसात डबिंग करणारी वयस्कर बाई, सगळे तिला आत्याच म्हणायचे. तिच्या गळ्यात एक अख्खी चाळ राहत होती: तान्हं बाळ, सासू, दमेकरी म्हातारा, दारोगा, वाटलं तर शेळीसुद्धा.

"कसला शब्द?" आत्यांनी विचारलं.

ताई तेव्हा स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर दूध होतं, समोर खिळ्याला सांडशी लटकत होती. "सांडशी," ती म्हणाली. "गांजा चढला की सांडशी लागली."

आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं, कोण विश्वास ठेवील?"

"एकच माणूस ठेवायला हवाय."

रविवारी आत्यांनी फोन लावला. घसा खाकरला आणि निवृत्त वॉचमनच्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार प्रोफेसरसाहेब, मी एक जुना वॉचमन बोलतोय. आमच्या वेळी कोणी गांजा ओढून बसला की म्हणायचे, याला सांडशी लागली. हे असं का म्हणत असतील हो?"

ताईने रेडिओला कान लावला होता. प्रोफेसर 'मला माहीत नाही' म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. अर्धा श्वास शांतता होती.

"वा," प्रोफेसर म्हणाले. "किती दिवसांनी ऐकला हा शब्द. कॉलेजात असताना आम्ही काही मित्र वीटभट्टीच्या मागे जाऊन बसायचो. तिथले कामगार चिलीम भरायचे. भट्टीतला निखारा उचलून चिलमीवर ठेवायचा तो सांडशीने. ज्याच्या चिलमीला सांडशी लागली, त्याची तंद्री लागली. मी हा शब्द तिथे या कानांनी ऐकलाय."

ताईने रेडिओ बंद केला. कित्येक महिन्यांनी तिला कडकडून भूक लागली होती.

आत्यांनी पुढे आणखी दोनदा फोन केला, एकदा नर्स म्हणून आणि एकदा कॉलेजची पोरगी म्हणून. नंतर त्यांची गरजच उरली नाही. खरेखुरे लोक फोन करू लागले. एकाचे मामा हा शब्द वापरायचे, एकीच्या सासऱ्यांना तो फार आवडायचा. ट्रामच्या थांब्यावर दोन पोरं एकमेकांना ढोसत म्हणत होती, "काय रे, सांडशी लागली का?" ते ऐकून आत्या जरा घाबरल्या.

"हे आपल्या हातचं राहिलं नाही, ताई."

"नाही राहिलं तर नाही राहिलं. त्याच्या हातात आहे ना, तेवढं पुरे."

वर्ष सरता सरता प्रोफेसरांचं नशेच्या भाषेवरचं पुस्तक आलं. त्यात 'किक बसणे'ला चार ओळी होत्या, 'धुंदी'ला सहा. सांडशीला पाऊण पान होतं, वीटभट्टीसकट. ताईने ते पान इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मागच्या खोलीत धाकटा इस्त्रीची कॉइल बदलत होता. त्याला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मोडता घातला असता, हे तिला ठाऊक होतं.

आणि मग एका सकाळी वकीलबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. चेहरा खुललेला.

"तुमच्या भावासारखीच एक केस आली आहे," त्या म्हणाल्या. "हुबेहूब. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एक आचारीणबाई आहेत. त्यांनी सकाळी ग्रुपवर लिहिलं, 'सांडशी लागली, आज मला कढईवर उभं करू नका.' झालं. प्रोफेसरांनी नशेच्या शब्दांचा एक फलक तयार केलाय, तो हल्ली ठिकठिकाणी भिंतीवर लावतात. सुपरवायझरने फलक बघितला आणि बाईंना घरी बसवलं. अहो, बाईंच्या मनगटाला तापलेली सांडशी लागली होती. चांगलं भाजलंय. आता आपण दोन्ही केसेस एकत्र मांडू. अशी जोडीची केस शोधूनही गवसली नसती बघा."

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो न उचलताच ताईने सगळं सांगून टाकलं: दूध, खिळा, आत्या, वॉचमन.

वकीलबाई उठून खिडकीपाशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "हे आज जाहीर केलं तर त्या बाई आठवड्याभरात कामावर जातील. पण प्रोफेसरांना सावध व्हायला वेळ मिळेल. म्हणतील, माझी दिशाभूल झाली. तुमच्या भावाच्या सुनावणीला येणारच नाहीत. त्यांची जुनी साक्ष मात्र कागदावर तशीच राहील."

"आणि सुनावणीपर्यंत थांबलो तर?"

"तर ते शपथ घेऊन बोलतील आणि तिथेच सापडतील. पण ताई, त्या बाईही माझ्या अशील आहेत. हे त्यांच्यापासून लपवणं मला शोभत नाही. तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही असं धरते. सोमवारी या. मी काय ऐकायचं ते तेव्हा सांगा."

सोमवारच्या आधी ताई आचारीणबाईंच्या घरी गेली. का गेली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. जिना चढून वरची खोली, दाराशी चपला नीट जोडीने लावलेल्या, आत एक शिवणयंत्र आणि खूप भांडी. बाई उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला रोखठोक. मनगटावर भाजल्याची गुलाबी पट्टी दिसत होती, नवी कातडी धरू लागलेली.

"वकीलबाईंनी सांगितलं तुमच्या भावाचं," बाईंनी चहा पुढे ठेवला. "बसा. डाव्या हाताने केलाय, साखर कमीजास्त झाली असेल."

"दुखतं का अजून?"

"हे नाही दुखत. भाजणं आमच्या पाचवीला पुजलेलं. दुखतं ते दुसरंच. बावीस माणसं आहेत आमच्या किचनमध्ये. मी सगळ्यांना वळण लावलं, कोणी तंबाखू मळताना दिसला तर हाकलून द्यायची मी. आता तीच माणसं मागून म्हणतात, सांडशीबाई. परवा डाळीचा डबा आणायला गेले तर वाणीसुद्धा गालातल्या गालात हसला." बाईंनी कप खाली ठेवला. "मला एकच कळत नाही. आयुष्य गेलं माझं भांड्यांत, हा शब्द मी कधी ऐकला नाही. हा काढला कोणी?"

ताईच्या जिभेवर उत्तर होतं. तिने चहाचा घोट घेतला. साखर जास्त झाली होती. डोळ्यांपुढे तिला खोलीभर हसणारी माणसं दिसत होती आणि त्यांच्यात कसनुसा हसणारा धाकटा.

"प्रोफेसरांनी," ती म्हणाली. "तो माणूस असाच आहे."

सोमवारी ती वकीलबाईंना म्हणाली, "तुम्ही काही ऐकलं नाही." वकीलबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फाइल ओढून घेतली.

सुनावणीची खोली लांबट होती. छताला दोन पंखे, पैकी एकाचा आवाज येत होता. न्यायाधीशबाई चष्मा पुसत होत्या. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला होता, त्याच्या मागे आचारीणबाई. आत्या अगदी कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून.

प्रोफेसर आले ते पुस्तकाची प्रत घेऊनच. शपथ घेतली, पाणी प्यायले, सगळ्यांकडे बघून प्रसन्नपणे मान लववली. वकीलबाईंनी त्यांना पुष्कळ बोलू दिलं. तर्र, टुन्न, पिनक, किक, सगळं झालं. तार लागणंही झालं, फक्त या वेळी तंबोरा छेडला नाही.

"प्रोफेसर, पुस्तकातला प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः ऐकलेला आहे?"

"प्रत्येक नाही. काही वाचकांनी कळवले. पण ज्यांच्यापुढे मी माझी आठवण दिली आहे, ते मी स्वतः ऐकलेले."

"सांडशी लागणे?"

"तो तर माझ्या तरुणपणातला. वीटभट्टीच्या मागे."

"शपथेवर सांगताय?"

"शपथेवरच उभा आहे मी, बाई."

"तारेत असणे याचा अर्थ तुम्ही जितक्या खात्रीने सांगितला, तितक्याच खात्रीने?"

"तितक्याच."

मग वकीलबाईंनी ताईला बोलावलं. ताई उभी राहिली आणि तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. दूध तापत होतं, समोर सांडशी होती, मी हा शब्द जुळवला, त्याआधी तो नव्हता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, याला आधार काय. ताईने मागे पाहिलं. आत्या उठल्या. पर्स खांद्याला अडकवली, घसा खाकरला.

"नमस्कार प्रोफेसरसाहेब, मी एक जुना वॉचमन बोलतोय."

त्या खोलीत कोणी हसलं नाही. प्रोफेसरांनी मान वळवून आत्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. ताई बघत होती. तिला एकही क्षण गमवायचा नव्हता. आधी गाल ढिले पडले, मग हात पुस्तक चाचपू लागला. इतक्या दिवसांचा काटा तिला उपसून निघाल्यासारखा वाटला. वाटलं, अजून थोडा वेळ तो असाच उभा राहावा.

"पण आता लोक हा शब्द वापरतात," प्रोफेसर अखेर म्हणाले. "म्हणजे शब्द खरा आहे. शब्द असेच जन्मतात."

"असतील," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तो जन्मायच्या आधी ऐकला आहे."

प्रोफेसरांनी खाली बसायची परवानगी मागितली.

निकाल त्या दिवशी लागला नाही, पण कुठे जाणार ते सगळ्यांना दिसत होतं. बाहेरच्या व्हरांड्यात डेपोचा मुकादम धाकट्याच्या पाठीवर थापा मारत होता. ताई जिन्याकडे वळली तर समोर आचारीणबाई उभ्या.

"तो शब्द तुम्ही काढलात."

"हो."

"मी त्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तेव्हाच बोलला असतात तर मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले असते."

मुकादमाचा हात धाकट्याच्या पाठीवर तसाच थांबला होता. धाकट्याने सगळं ऐकलं होतं.

"प्रोफेसरांना तुम्ही आत सगळ्यांसमोर उभं केलंत," आचारीणबाई म्हणाल्या. "बरं झालं, लायकीच होती. पण तुम्हाला कोण उभं करणार?"

त्या जिना उतरून गेल्या. पाय आपटले नाहीत, मागे पाहिलं नाही.

निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. पाइपचा दोष कंपनीवर गेला, धाकट्याला लायसन्स परत मिळालं. जोडीदार कुबड्या घेऊन त्याच्या दारात आला आणि बराच वेळ दोघं पंख्याची पाती पुसत बसले. प्रोफेसरांचा रविवारचा कार्यक्रम बंद झाला, भिंतीवरचे फलक उतरले. एके दिवशी दुपारी त्यांनी ताईला फोन केला. ती नंबर ओळखून होती.

"मी भांडायला फोन केलेला नाही," ते म्हणाले. आवाजातला मध आटला होता. "तुमच्या भावाच्या बाबतीत माझं चुकलं. त्या वेळी लोक हसत होते आणि मला थांबता आलं नाही. तुम्ही मला माफ करावं असं वाटतं."

"नाही करणार," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

वाईट वाटायला लावलं ते धाकट्याने. तो कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, "ताई, मी त्या बाईंच्या घरी जाऊन आलो."

"कशाला?"

"माझ्यासाठी झालं ना हे. मीच जायला हवं होतं." त्याने ताटातला घास तसाच ठेवला. "माझं जे झालं तेच तू त्यांचं होऊ दिलंस. आणि माझ्या नावाने. मला विचारलंस का, की हे चालेल का म्हणून?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो." त्याने ताट बाजूला सरकवलं. "तुझे उपकार आहेत माझ्यावर, मी नाही म्हणत नाही. उद्या मी वर चढणार ते तुझ्यामुळे. पण त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला पाठवा. मी म्हटलं, सांगतो."

"काय हवंय त्यांना?"

"ते त्याच सांगतील."

आचारीणबाई तोवर कामावर परतल्या होत्या. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी एका वाक्यात सांगितलं. ताईला वाटलं होतं, तक्रार असेल, सही असेल. तसं काही नव्हतं.

त्यांनी तिला आत नेलं. दुपारच्या जेवणाची गडबड होती. वाफेने खिडक्या पांढऱ्या झालेल्या, कढया उतरत होत्या, ट्रे सरकत होते, कोणी कांदा चिरत होतं, कोणी ओरडून मीठ मागत होतं. बाईंनी तिला मधल्या टेबलापाशी उभं केलं.

"ऐका," बाई म्हणाल्या. "या काय सांगताहेत ते ऐका."

ताईने सांगायला सुरुवात केली. शब्द मीच काढला. तुमच्या बाईंनी कधी काही ओढलेलं नाही. त्यांना भाजलं होतं. मला हे खूप आधी कळलं होतं, मी मुद्दाम गप्प बसले, कारण मला दुसऱ्या एकाचा सूड घ्यायचा होता.

भांड्यांच्या आवाजात अर्धं विरून गेलं. कांदा चिरणारा मान वर न करता चिरत राहिला. आचारीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी वाफेचा मोठा कॉक फिरवून बंद केला. फुसफुसणं थांबलं. एकेक करून हातही थांबले.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

ताईने पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. या वेळी तिला प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. कोणी तोंडाला पदर लावला, कोणी जमिनीकडे पाहिलं. कोपऱ्यातला एक जण हसला, बहुधा अवघडून, आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. ताईचा चेहरा कानापर्यंत तापला होता. सांगून संपलं, आणि आपण आता कुठे बघायचं ते तिला कळेना.

आचारीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती आणि चीडही नव्हती. एक काम मार्गी लागलं, एवढंच होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता जा. आमचं जेवण वर जायचंय."

त्यांनी कॉक उघडला आणि खोली पुन्हा वाफेने भरली. ताई ट्रेच्या रांगेला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर आली. नाकातोंडात फोडणीचा धूर होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाल निवेपर्यंत तिथून हलली नाही.